सौर पॅनेलला झटपट चार्जर नको

महोदय,
सौर पॅनेलवर निकेल-मेटल हायड्राइड सेल चार्ज करायला ‘झटपट चार्जर जोडा’ असा सल्ला कुणी दिला की माझ्यासारख्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचं डोकं फिरतं. सेल भरल्यावर व्होल्टेज काही मिलिव्होल्टनी घसरतं, ते हेरून हा चार्जर थांबतो. ढग आला तरी व्होल्टेज घसरतंच, मग हा अर्ध्यातच हात वर करतो! त्यापेक्षा २००० मिलिअँपिअर-तासाच्या सेलला सावकाश २०० मिलिअँपिअर द्या. चार सेलच्या माळेला सहा व्होल्टपर्यंत लागतात, करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडचे वेगळे. डायोड मात्र गाळू नका, नाहीतर रात्री करंट पॅनेलमधून उलटा झिरपतो. आणि सेल पॅनेलच्या पाठीला चिकटवण्याची हौस कशाला? तापलेला सेल चार्ज धड घेत नाही.
— एक रेडिओ दुरुस्तीवाला