दिवाळीला येत नाही, त्याविषयी

ती. आई-बाबा,

शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं म्हणून दोनदा ठरवलं, आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्याबद्दल विचारून फोन ठेवला. म्हणून पत्र. ताई मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देईल. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि गाळून गाळून वाचू नका. अण्णाकाकांची पत्रं तुम्ही कशी वाचायचात ते मला माहीत आहे.

तर पहिली गोष्ट. मी दिवाळीला येत नाही. जानेवारीत येते, संक्रांतीच्या आधी, आणि पाच आठवडे राहते. तिकीट काढून झालंय. दिवाळीत आले असते तर जेमतेम दोन आठवडे मिळाले असते, त्यातले चार दिवस झोपेचं गणित बसवण्यात गेले असते आणि दोन दिवस फराळाचे डबे घेऊन गावभर फिरण्यात. जानेवारीत हवा बरी, हुरडा असतो, आईचा गुडघाही तोवर सुटा झालेला असेल. खरं तर सगळ्यांच्या दृष्टीनं हेच सोयीचं. (हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. सोयीचं मलाच आहे.)

दुसरी गोष्ट. एक सप्टेंबरपासून मी ऑफिसला आठवड्याचे तीनच दिवस जाणार. कुणी काढलेलं नाही, मीच मागून घेतलं.

आणि तिसरी, जिच्यामुळे या दोन. दर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मी एका डान्स हॉलमध्ये कंट्री संगीताच्या बँडबरोबर बेस गिटार वाजवते. गेली दोन वर्षं बदली म्हणून वाजवत होते, आता कायमची झाले. रविवारी सकाळी साडेदहाला मिरजेत जो फोन वाजतो, तो मी हॉलच्या पार्किंगमधून, गाडीत बसून करत असते. इथे टेक्सासात तेव्हा शनिवारची मध्यरात्र असते. मागे एकदा आईनं विचारलं होतं, "लग्नघरात आहेस का गं? वाजंत्री ऐकू येतेय." मी टीव्ही म्हणून सांगितलं. चुकलंच ते.

आई, तू आता विचारणार तेच विचारणार. ताईनं बोलता बोलता 'हॉल' म्हटल्यावर तू म्हणालीस म्हणे, "आबांनी बंद केले, तसले?" नाही गं आई. आर. आर. आबांनी २००५ साली बंद केले ते डान्सबार. इथे नाचायला आलेली माणसंच नाचतात, बायकोबरोबर, आईबरोबर, सहा वर्षांच्या नातीला बुटांवर उभी करून. पैसे उधळत नाही कुणी. बिअर मिळते, ती आहे. मी पीत नाही. एकदा प्यायले, तेही सांगून टाकते.

हे हॉल कसे झाले ते बाबांना आवडेल. १८४० च्या दशकापासून टेक्सासच्या या डोंगराळ भागात जर्मन शेतकरी येऊन राहिले. न्यू ब्राउनफेल्स हे त्यांचं गाव, १८४५ सालचं. शेतावर घरं एकमेकांपासून कोसभर लांब. मग त्यांनी मंडळं काढली, कुणी गाण्याचं, कुणी नेमबाजीचं, कुणी शेतकऱ्यांचं, आणि कुणी चक्क व्यायामाचं. आपली तालीम मंडळंच समजा. मंडळ म्हटलं की जागा हवी, म्हणून लाकडाचे हॉल बांधले. पुढे चेक लोकांनी त्यांचे बांधले. अशा जुन्या हॉलांतला एक, ग्रुएन हॉल, १८७८ पासून अजून चालू आहे. लिहितात ग्रुएन, म्हणतात ग्रीन. वर पत्रा, बाजूच्या भिंतींना उघडायच्या झडपा, एसी नाही. ऑगस्टमध्ये आत मे महिन्यातली मिरज असते. मी वाजवते तो हॉल त्याहून लहान, रस्त्यावरून पाहिला तर तुम्हाला तंबाखूची वखार वाटेल.

आणि आई, जुन्या काळी लोक लेकरांना गोधडीवर बाकांखाली निजवायचे आणि रात्रभर नाचायचे. मला पहिल्यांदा कुणी हे सांगितलं तेव्हा मी मनानं मिरजेच्या दर्ग्यातल्या चिंचेखाली होते. उरुसातली ती रात्र, तुझी मांडी, अंगावर तुझा पदर, आणि पुढे कोण गात होतं ते ठाऊक नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाची ती बैठक पहाटेपर्यंत चालायची. मला आठवतो तो फक्त मागचा तंबोरा, कारण डोळे मिटल्यावर तेवढाच उरायचा.

बेस म्हणजे तेच आहे. खरंच. चार तारा, तंबोऱ्याच्या चार. तुझी तर्जनी आणि मधलं बोट, माझीही तीच दोन बोटं. गाणाऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि षड्ज सोडायचा नाही. चार मात्रांतल्या पहिलीला सा, तिसरीला प, दुसरी नि चौथी ड्रमवाल्याची. सा, प, सा, प, रात्रभर. वॉल्ट्झ आला तर तीन मात्रा, म्हणजे दादरा अर्ध्यावर मोडला तसं. इथे सुरावटी आकड्यांत सांगतात. आमचे म्होरके फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवतात, सत्तरीचे आहेत, गाणं चालू असताना पाठीमागे हात नेऊन चार बोटं दाखवतात. चार म्हणजे म, पाच म्हणजे प, एक म्हणजे घरी, सा वर. पट्टी कुठलीही असो. हे पाहून बाकीचे नवखे गडबडतात, मला मात्र शिकवावं लागलं नाही. पाटीवर सरगम लिहायला तू बसवलंस ते चाळीस अंश तापमानात टेक्सासात उपयोगी पडेल असं तुला तरी कुठे वाटलं होतं?

बाबा, तुम्हाला सवाल पडेल की यात वाजवण्यासारखं काय आहे. मलाही पडला होता. पहिल्या रात्री मी जागा दिसेल तिथे सूर भरत गेले, दोन गाण्यांनंतर म्होरके वळून एवढंच म्हणाले, "पाय बघ." मला वाटलं माझे. मग कळलं, नाचणाऱ्यांचे.

एक जोडपं दर शनिवारी येतं. दोघंही ऐंशीच्या घरात. त्यांच्या जीन्सना खळ घालून केलेली इस्त्री, घडी अशी की बोट कापेल. ते टू-स्टेप करतात, दोन पावलं चटचट, दोन सावकाश, आणि सगळ्यांबरोबर हॉलभर गोल फिरतात. प्रदक्षिणेच्या उलट्या दिशेनं, हे मला अजून डोळ्यांना खटकतं. तिचा डावा हात त्याच्या खांद्यावर, आणि चालताना तो तिला अजिबात ओढत नाही. जमिनीवर मक्याच्या पिठासारखी भुकटी टाकलेली असते, त्यामुळे बूट घसरत जातात, उचलले जात नाहीत. (आई, पीठ नाही ते. पूर्वी खरंच मक्याचं पीठ टाकायचे, पण ते तुला सांगत नाही.) एका रात्री मी तिसऱ्या मात्रेला अडखळले, बोट तारेवरून निसटलं. ऐकू कुणाला आलं नसेल. पण त्या आजींचं पाऊल हवेत राहिलं, अर्धा क्षण, आणि आजोबांनी खांद्यानं त्यांना सावरलं. त्यानंतर मी निमूट सा, प वाजवते. जाताना ते स्टेजजवळून जातात आणि टोपीच्या कडेला बोट लावतात. गाणाऱ्याला नाही, मला.

आता पैशाचं. तीन दिवसांच्या नोकरीतून घराचा हप्ता जातो. मेडिकल इन्शुरन्स तुमच्या जावयांच्या ऑफिसातून आहे, माझ्यावर नव्हता कधीच. तुमच्या नातीच्या कॉलेजचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावणार नाही. हॉलमध्ये एका रात्रीचे दीडशे डॉलर मिळतात, शिवाय बरणीत जमलेल्या टिपांतला वाटा. एच-वन-बी व्हिसावर असते तर असे पैसे घेऊन वाजवताच आलं नसतं. नागरिकत्व घेतलं म्हणून चालतंय. बाबा, त्या निळ्या पासपोर्टवरून आपलं जे झालं ते मी काढत नाही, फक्त एवढंच की त्याचा काहीतरी उपयोग झाला.

तुम्हाला दर महिन्याला येतात तेवढे येत राहतील. त्यात एक रुपया कमी होणार नाही. विट्याचं शेत मी विसरलेले नाही. ते कशासाठी गेलं आणि त्या वर्षी आईनं दिवाळीत काय घेतलं नाही, तेही नाही. त्या शेतावर वालचंद कॉलेजची फी आणि विमानाचं तिकीट निघालं, आणि मी बावीस वर्षं त्याची नोकरी केली, चांगली केली. आता आठवड्यातले दोन दिवस मागतेय. मागतेय म्हणजे, घेतलेच आहेत.

आणि बाबा, मी अण्णाकाका नाही. हे वाक्य तुम्हाला लागेल म्हणून फोनवर म्हणता येत नव्हतं. त्यांचं जे झालं ते वाजवण्यामुळे नाही झालं, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही पेटी विकलीत त्या संध्याकाळी मी जिन्यात बसले होते. तुम्हाला वाटलं मी झोपलेय. त्याबद्दल काही म्हणायचं नाही, तुमच्या जागी मी पण विकली असती. पण तुम्ही अजून जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालवता, ते ताईच्या मुलानंसुद्धा उचललंय.

रात्रीच्या गाडीची काळजी नको. जावई बरोबर असतात, मागच्या बाकावर पुस्तक वाचतात, गाणी त्यांना सगळी सारखीच वाटतात. परतीच्या रस्त्यावर हरणं आडवी येतात म्हणून चाळीसच्या वर जात नाही. कानांत बोळे घालते. जेवून निघते. दुपारी झोपते. तुमच्यापेक्षा जास्त नियमानं राहते.

दिवाळीचं कारण एकदा नीट सांगते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू ब्राउनफेल्सला दहा दिवसांची मोठी जत्रा भरते, वुर्स्टफेस्ट. त्या दिवसांत आजूबाजूचे सगळे हॉल भरलेले असतात, आणि पहिल्याच हंगामात बेसवाल्या बाईनं रजा मागितली तर पुढचा हंगाम दुसऱ्या कुणाचा. जत्रा कसली ते विचारू नका, आपण शाकाहारी माणसं.

आता ऐका.

आई, फिजिओवाली बाई येते तेव्हा देवपूजा चालू ठेवायची नाही. देव थांबतात, तिचे पैसे तासावर आहेत. न्हाणीघरातल्या दांड्या बसल्या असं बाबा म्हणाले, पण ताई म्हणते एकच बसलीय. दुसरी या आठवड्यात बसवा. खालचं पायपुसणं उचलून टाका, कितीही नवीन असलं तरी. पोळ्यावाल्या मावशींना सकाळीच भाजीही करायला सांगितलंय, त्यांचा पगार मी वाढवला आहे, तू परस्पर "नको" म्हणू नकोस. उंच खुर्ची ताई आणतेय. भारतीय बैठकीत बसून लाडू वळायचे नाहीत. यंदा विकत आणा, शेजारी विचारलं तर माझं नाव सांगा.

बाबा, सकाळची गोळी चहाच्या आधी. भडंग एक वाटी, आणि वाटी म्हणजे आमटीची, परात नव्हे. साखर तपासल्यावर आकडा वहीत लिहून फोटो ताईला पाठवायचा, 'नॉर्मल आहे' हा आकडा नसतो. कृष्णेवर फिरायला जाताना फोन खिशात, आणि चालू.

शेवटचं काम. माळ्यावरचा तंबोरा खाली काढायचा. तुम्ही दोघांनी नाही, बाबा, शिडीला हात लावाल तर बघा. ताईच्या मुलाला सांगितलंय, रविवारी येईल. भोपळ्याला चीर गेली आहे का ते आधी उजेडात बघा. मग सतारमेकर गल्लीत देऊन तारा नव्या घालायच्या आणि जवारी काढून घ्यायची. घाई करू नका म्हणावं, पण जानेवारीच्या आधी हवा. खर्च मी पाठवते. कशाला, असं आई विचारेल. त्या बंद खोळीत वीस वर्षं कसर खातेय, म्हणून. आणि मला पाच आठवडे हाताला काहीतरी लागेल, बेस काही मी विमानातून आणत नाही, चार किलोचं धूड आहे.

ताईला सगळं आधीच माहीत होतं, तिच्यावर रागावू नका. मीच शपथ घातली होती.

रविवारी साडेदहाला फोन करते. या वेळी टीव्ही म्हणणार नाही.

तुमची,
चिमी

ता. क. आई, तुझी पट्टी काळी चार होती की काळी पाच? मला पाच आठवते. फोनवर विचारलं की तू "आता कसली पट्टी" म्हणून विषय बदलतेस, तेव्हा कागदावर लिहून ताईकडे दे. तारा घेताना सांगावी लागेल. बाबांना विचारू नकोस, ते चार म्हणतील.