घंटीवर माझं नाव नव्हतं

बर्लिन, २० जुलै

प्रिय शिवा,

तुझ्या सूनबाईनं फोटो पाठवला. खोका तुझ्या ओट्यावर, सुतळी तुझी, गाठही तुझीच, आणि वर जर्मन भाषेतली चिठ्ठी. लेकीनं वाचून सांगितलं, ‘या पत्त्यावर असं कोणी राहत नाही.’ तेव्हापासून तुला चार फोन केले. दोनदा वाजून बंद झाला, दोनदा तू कट केलास. तू कट केलेला फोन मला इथं बसूनही ओळखू येतो रे. म्हणून आज कागद घेतला. लिहून झालं की फोटो काढून सूनबाईच्याच मोबाईलवर टाकतो, तिच्याकडून वाचून घे. दोन महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही हे खरं आहे आणि ते चुकलंच.

तब्येती ठीक. माझा गुडघा बरा, हिची शुगर ताब्यात. लेक आणि नात सुखरूप. नात झोपेत अगदी आमच्या आक्कासारखी कपाळाला आठी घालते.

आता ऐक. खोका मी परत पाठवलेला नाही.

इथं फ्लॅटला नंबरच नसतो. खालच्या दाराशी एक पितळी पाटी, तिच्यावर घंटीची बटणं आणि प्रत्येक बटणापुढं नुसतं आडनाव. आमच्या दाराशी बावीस आहेत, मी मोजली. श्मिट आहे, यिल्माझ आहे, नूयेन आहे, आणि वरून सहावं आमच्या जावयाचं. टपालवाला आडनाव शोधतो आणि ते बटण दाबतो. आडनाव नसेल तर तो माणूस त्या घरातच नाही. तू पत्ता मागितलास तेव्हा मी रस्ता दिला, घराचा क्रमांक दिला, पिनकोड दिला, आणि जावयाचं आडनाव तेवढं लिहायचं राहिलं. म्हणजे खोक्यावर तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात माझं नाव. तो माणूस दाराशी उभा राहिला असेल, बावीस नावं वाचली असतील आणि गेला असेल. मी त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर नातीला मांडीवर घेऊन बसलो असेन. फोटो बघितल्यापासून जिना उतरताना रोज त्या पाटीपाशी पाय थांबतो.

आता घंटीवर माझं आडनाव आहे. लेकीनं कागदाची पट्टी छापून दिली, मी चिकटवली. खाली बारीक अक्षरात देवनागरीतही लिहिलं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि खुणेनं विचारलं, हे काय? मी छातीवर हात ठेवून नाव सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणून बघितलं. आता जिन्यात भेटल्या की हाक मारतात, उच्चार दर वेळी वेगळा.

या भागाचं नाव नॉयकोल्न. पहिले पंधरा दिवस मी कोपऱ्यावरच्या बेकरीपलीकडे गेलो नव्हतो. सगळ्या इमारती सारख्या, पाच मजली, मधे चौक, मागं आणखी एक इमारत. पहिल्या रविवारी दूध संपलं, तर दुकानं सगळी बंद. इथं रविवारी असंच. आणि उजेड! रात्री साडेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही. ही दिवेलागणीला निरंजन घेऊन बसायची आणि दिवेलागणच व्हायची नाही. शेवटी सांगलीच्या घड्याळावर लावायचं ठरलं. तुमचे सात म्हणजे इथले दुपारचे साडेतीन. खाली शाळेतली पोरं घरी चाललेली असतात आणि आमच्याकडं शुभंकरोति चालू. तुला हे सांगायचं राहूनच जात होतं, तू हसशील म्हणून खास ठेवलं होतं.

मग हळूहळू चालायला लागलो. दहा मिनिटांवर एक जुनं गाव आहे, शहराच्या पोटात तसंच राहिलेलं. रिक्सडॉर्फ. १७३७ साली बोहेमियातून धर्मासाठी परागंदा झालेली माणसं तिथं येऊन राहिली. बुटकी घरं, दगडी रस्ता, चौकाच्या मधोमध लोहाराचं दुकान. या सगळ्या भागाचं नावच आधी रिक्सडॉर्फ होतं, १९१२ मध्ये बदललं. त्या चौकात बाकावर बसलो की हरिपूर रस्ता आठवतो. का ते सांगता येत नाही, झाडं निराळी, माणसं निराळी.

दुसऱ्या बाजूला टेम्पलहोफचं मैदान. हे विमानतळ होतं रे. २००८ ला बंद केलं, २०१० ला लोकांना मोकळं करून दिलं. तिथं इमारती बांधू नयेत म्हणून २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून ते वाचवलं. संध्याकाळी मी आणि ही धावपट्टीवरून चालत जातो. पोरं पतंग उडवतात. एवढं आभाळ मी आपल्या घाटावर पुराच्या दिवसांतच बघितलंय.

आणि मंगळवारी-शुक्रवारी कालव्याकाठी तुर्की लोकांचा बाजार भरतो. तिथंच गोची झाली. मसाल्याच्या टपरीवर पिवळीधमक पूड उघडी ठेवलेली. चिमूट घेतली आणि तळहातावर घासली, तू शिकवलंस तशी. रंग होता, तेल नव्हतं. आपल्या राजापुरीसमोर काहीच नाही. टपरीवाला म्हणाला, ‘झेर्देचाल.’ मी म्हणालो, ‘हळद.’ तो हसला. मी घरी आलो तो हात न धुता.

आणि त्याच रात्री सूनबाईचा फोटो आला. खोक्यात डिंक, अळीव, भडंग आणि बाळंतिणीसाठी हळद होती, असं खाली लिहिलेलं.

शिवा, मला माहीत आहे तुला काय आठवलं. २००५ ची दिवाळी.

त्या जुलैत तू पाटबंधारेच्या ऑफिसात येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिलास. ‘दत्ता, जमिनीतली पेवं उघडून हळद बाहेर काढू का?’ मी पुराचे आकडे बघितले, वहीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, ‘थांब. हरिपूरला एवढं पाणी येत नाही.’ तू थांबलास. तू दुसऱ्या कोणाचं ऐकत नव्हतास. पाणी ओसरल्यावर पेवाचं तोंड उघडलं तेव्हा मी शेजारी होतो. एरवी आत कंदील सोडून हवा बघायची, त्या दिवशी त्याची गरजच नव्हती, वास वरच आला. तू वाकून मूठभर हळकुंडं घेतलीस. ती चिखलासारखी बोटांतून निघाली. तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. शिवी दिली असतीस तर मी जगलो असतो.

आणि दिवाळीला तुझा पोरगा फराळाचा डबा घेऊन आमच्या दारात. वहिनींच्या हातच्या चकल्या. मी उंबऱ्यातूनच परत पाठवला.

तुला वाटलं सरकारी माणसाला गर्व आला. नानांच्या दहाव्यापर्यंत तू बोलला नाहीस, घाटावर मात्र तूच पहिला आलास. २०१९ ला कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात ट्रॅक्टर घेऊन कोण आलं, आम्ही नऊ दिवस कोणाच्या घरी जेवलो, हे मी लिहायला नको. पण त्या डब्याबद्दल आपण एकदाही बोललो नाही. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

आज सांगतो. तुझं वर्षाचं नुकसान माझ्या शब्दानं झालं होतं, आणि तुझ्याकडून गोडधोड येतंय हे मला सोसलं नाही. डबा घेतला असता तर तू माफ केलंस असं झालं असतं. मला माफ करून घ्यायचं नव्हतं. पोरगा पायऱ्या उतरून गेला आणि मी आत येऊन भिंतीला टेकून रडलो. हिला माहीत आहे, आणखी कोणाला नाही.

म्हणून तो फोटो बघून माझा जीव जागेवर राहिला नाही. चौदा वर्षांनी जुळलेलं घंटीवरच्या एका नावानं मोडायचं नाही मला.

तुझं मोतीबिंदूचं काय झालं? झालं असेल तर हे वाचू नकोस, डोळ्याला ताण नको. धाकट्याच्या ॲडमिशनचं कळव. मास्तरांना माझा नमस्कार सांग.

रोज सकाळी आधी आयर्विनची पातळी बघतो, मग चहा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पावसाळ्यात सांगलीबाहेर आहे. कोयनेतून विसर्ग सोडला की इथं कोरड्या उन्हात बसून अस्वस्थ होतो. ४० फुटांच्या वर गेलं तर आमची किल्ली तुझ्याकडे आहेच, देवघरातलं आणि हिच्या आईची ट्रंक तेवढी माळ्यावर टाक.

खोका उघडू नकोस. पुन्हा पाठवूही नकोस, आमचं ८ ऑगस्टचं विमान आहे. सुतळी तशीच राहू दे. मी आधी तुझ्या ओट्यावर येतो, बॅगा मग घरी जातील. तुझ्या हातून घ्यायचाय.

फोन उचल.

तुझा,
दत्ता