नगरविकासमंत्र्यांस खुले पत्र : शिडीची उंची आणि सिलिंडरमधली हवा

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : इमारतींच्या आगीत आत जाणाऱ्या अग्निशमन जवानांचे साहित्य, त्याची देखभाल आणि नाशिकसारख्या वाढत्या शहराची तयारी.

महोदय,

स. न. वि. वि.

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या देखभाल विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो आहे, आणि त्यानंतर गंगापूर रोडवरील आमच्या अकरा मजली इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेचा पाच वर्षे सचिव होतो. पत्र लिहिण्याचे कारण त्या सचिवपदाच्या काळातले आहे आणि त्यात दोष कोणाचा असेल तर तो प्रथम माझा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

एका पावसाळी संध्याकाळी आठव्या मजल्यावरील एका सदनिकेच्या दिवाणखान्यात आग लागली. बंब आला, जवान होज, म्हणजे पाण्याची लांब नळी, खांद्यावर टाकून जिन्याने वर गेले, सातव्या मजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या तोटीला, त्यांनी कपलिंग जोडले आणि चाक फिरवले. पाणी आले नाही. या तोट्यांना पाणी देणाऱ्या आमच्या पंपाचा पॅनेल ‘ऑटो’वर नव्हता. एक व्हॉल्व्ह गळत असल्यामुळे दाब उतरे, पंप रात्री-अपरात्री आपोआप सुरू होई, आणि तळमजल्यावरच्या रहिवाशांनी आवाजाची तक्रार केल्यावर आम्ही तो ‘मॅन्युअल’वर टाकून ठेवला होता. गळका व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत लांबणीवर पडला होता. पंपघराची किल्ली माझ्याकडे होती आणि मी द्वारका चौकातल्या वाहनकोंडीत अडकलो होतो. चार मजल्यांवरच्या होजबॉक्समधून पितळी नॉझल कधीच चोरीला जाऊन भंगारात गेले होते. शेवटी जवानांनी खालच्या बंबापासून जिन्याने लांबीला लांबी जोडत होज वर नेला. जीवितहानी झाली नाही, एवढेच आमचे नशीब. त्याच जुलै महिन्यात संस्थेच्या वतीने सादर झालेल्या फॉर्म ‘बी’मध्ये, म्हणजे इमारतीच्या आगप्रतिबंधक यंत्रणेच्या सहामाही दाखल्यात, मात्र सर्व यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे एका परवानाधारक एजन्सीने लिहून दिले होते, आणि तो कागद पुढे पाठवताना मी तो वाचलाही नव्हता.

त्या रात्री मी इमारतीखाली उभा राहून एक गोष्ट मोजली. पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वसनसंच, बांधून आत गेलेली जोडी काही वेळाने बाहेर आली तेव्हा त्यांच्या संचाची शिटी वाजत होती. ही शिटी सिलिंडरमधली हवा संपत आल्याची असते. वर जाऊन येण्याचा वेळ धरूनही त्यांचा हवेवरचा काळ वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त नव्हता. त्यानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले आणि माझ्या जुन्या सवयीप्रमाणे कागदावर गणित मांडले. ते आपल्यासमोर ठेवतो, कारण साहित्याची खरेदी या गणितावरून व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

प्रचलित संचातल्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने भरलेली हवा साधारण दोन हजार लिटर होते. मिनिटाला चाळीस लिटरचा हिशेब धरला तर ती पाऊण तासाच्या वर पुरते, आणि माहितीपत्रकावर तेच छापलेले असते. परंतु अंगावर जाड सूट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर संच असा वीसएक किलोंचा बोजा घेऊन, पाण्याने भरलेला होज ओढत, उकाड्यात आणि अंधारात सरकणारा माणूस मिनिटाला ऐंशी ते शंभर लिटर हवा ओढतो. त्याची हवा वीस-पंचवीस मिनिटांत संपते, आणि त्यातलीही परतीपुरती राखून ठेवावी लागते. आत एकट्याने जायचे नसते, दोघांनीच जायचे असते. ते दोघे अडकले तर त्यांना काढण्यासाठी आणखी दोघे मुखवटा तयार ठेवून दाराशी उभे लागतात, आणि पहिली जोडी बाहेर येताच काम न थांबवता आत जाण्यासाठी तिसरी जोडी लागते. म्हणजे एका होजमागे सहा संच आणि किमान बारा सिलिंडर. शिवाय रिकामे सिलिंडर जागेवर भरून देणारा हवेचा कंप्रेसर हवा, नाहीतर भरलेल्या संचाचा रिकामा डबा व्हायला अर्धा तास पुरतो. कोण किती दाबावर आत गेला आणि कितीला परतला पाहिजे, याची नोंद करणारा एक माणूस फलक घेऊन दाराशी उभा हवा, तो वेगळाच.

हे सगळे एवढ्यासाठी की आजच्या घरात जळतो तो फोम, प्लॅस्टिक आणि रेझिन. आमच्या शेजाऱ्यांचा एक सोफा जळाला, पण त्यातून निघालेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. पूर्वीच्या लाकडाच्या धुरात नाकाला ओला रुमाल बांधून दोन मिनिटे तग धरता येई, असे म्हणणारे जुने लोक भेटतात. तो रुमाल या वायूंना अडवत नाही.

आता शिडीविषयी. कोणत्याही शहरात अग्निशमन दलाची चर्चा निघाली की ती हायड्रॉलिक शिडीच्या मीटरांवर येऊन थांबते. मुंबईकडे नव्वद मीटरची शिडी आहे, मग आमच्याकडे का नाही, हा प्रश्न सभागृहातही शोभतो आणि वर्तमानपत्रातही. नवी शिडी आली की तिला हार घातला जातो, नारळ फोडला जातो, छायाचित्र निघते. शिडी नको, असे मी म्हणत नाही. बाल्कनीत अडकलेल्या कुटुंबाला तिच्यापेक्षा मोठा आधार नाही. पण शिडीच्या गाडीला दोन्ही बाजूंना पाय पसरायला मोकळी आणि त्या वजनाला खचणार नाही अशी जमीन लागते. आमच्या इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत, जी नकाशात अग्निशमन वाहनासाठी दाखवली आहे, आज चारचाकींचे पत्र्याचे शेड, एक बाग आणि एक गणपतीचे मंदिर आहे. समोरच्या रस्त्यावर विजेच्या तारा आहेत. या स्थितीत ती शिडी उभी करायची म्हटली तरी जागा नाही. शिवाय २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर नाशिकमध्ये इमारती ज्या वेगाने वर चालल्या आहेत, त्या वेगाने शिडी लांब होणार नाही. उंच इमारतीतली आग अखेर जिन्यातूनच विझवावी लागते. तिथे जवानाच्या पाठीवरचा संच आणि इमारतीच्या भिंतीतला रायझर, म्हणजे पंपाचे पाणी वरच्या मजल्यांवर नेणारा उभा नळ, ही दोनच साधने कामाची असतात. त्यातले एक शासनाचे आणि दुसरे आमच्यासारख्यांचे. आणि दुसरे बंद पडले की पहिल्यातली हवा होज ओढण्यात खर्च होते. आमच्या इमारतीत नेमके तेच झाले.

जुन्या नाशिकची गोष्ट वेगळी. सराफ बाजार, भद्रकाली किंवा गोदाकाठच्या गल्ल्यांमध्ये मोठा बंब शिरतच नाही. तिथे सागवानी खांब, लाकडी पाटाई आणि मातीच्या जाड भिंती असलेले वाडे एकमेकांना खेटून उभे आहेत, त्यांच्या खालच्या मजल्यावर कापडाची किंवा प्लॅस्टिकची दुकाने आहेत आणि वायरिंग तीन पिढ्यांचे आहे. असा वाडा जळत असताना तो केव्हा खाली बसेल, हे बाहेरून कळत नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार ज्येष्ठ अधिकारी गेले. दोघे जागेवर, दोघे नंतर रुग्णालयात. इतका अनुभव गाठीशी असलेली माणसे त्यात गेली, यावरून जुन्या बांधकामातल्या आगीचा धोका कोणालाही समजावा. तिथे लहान वाहने, हाताने उचलता येणारे पंप, उष्णता दाखवणारे कॅमेरे, जाड भिंतीतूनही ऐकू जाणारे वॉकीटॉकी आणि जवान काही क्षण निश्चल राहिला तर आपोआप किंचाळणारे इशारायंत्र हे साहित्य शिडीपेक्षा अधिक उपयोगी आहे. यांपैकी कशालाही हार घालता येत नाही.

अंगावरच्या सुटाविषयी एक गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. चांगल्या सुटाला तीन थर असतात : बाहेरचे न पेटणारे कापड, मधला ओलावा रोखणारा पडदा आणि आतला उष्णता अडवणारा थर. काजळी आणि तेलकट धूर त्यात मुरला की त्याची ताकद घटते, आणि ते विष कातडीतून अंगात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचे काम हेच कर्करोगकारक ठरवले, तेही पहिल्या वर्गात, म्हणजे पुरावा पुरेसा असलेल्या गटात. सूट प्रत्येक आगीनंतर धुतला पाहिजे, आणि तो धुवायला टाकल्यावर दुसऱ्या आगीची वर्दी, म्हणजे खबर, आली तर घालायला दुसरा सूट पाहिजे. म्हणजे माणशी दोन सूट, त्याच्या मापाचे, आणि केंद्रात धुण्याची वेगळी सोय. घरच्या बादलीत मुलांच्या कपड्यांबरोबर तो धुतला जाऊ नये, ही मागणी चैनीची नाही.

महोदय, या सर्वांत मला सर्वांत जास्त काळजी खरेदीची वाटत नाही, खरेदीनंतरच्या वर्षांची वाटते. कारखान्यात आम्ही एक साधा नियम पाळत असू : यंत्र विकत घेताना त्याच्या सुट्या भागांचा आणि देखभालीचा करार त्याच कागदावर करायचा, कारण पुढच्या वर्षी कोणी तो करू देत नाही. बीए सेटचा मुखवटा रबराचा असतो, त्याच्या कडा कडक होतात. त्याचा व्हॉल्व्ह तपासावा लागतो. सिलिंडरची ठरावीक वर्षांनी जलदाब चाचणी करावी लागते आणि ती मुदत उलटली की सिलिंडर भरायचा नसतो. होजला नुसती घडी घालून ठेवले तर तो घडीवर फुटतो. हे खर्च लहान आहेत, दर वर्षीचे आहेत आणि त्यांच्यासाठी उद्घाटन होत नाही, म्हणून अंदाजपत्रकात ते पहिल्यांदा कापले जातात.

हे आत्ता लिहिण्याचे कारण सिंहस्थ आहे. २०२७ च्या अमृतस्नानांसाठी तपोवनात साधुग्राम उभे राहील, तंबूंत गॅसच्या शेगड्या पेटतील, आणि अरुंद घाटांवर लाखोंची गर्दी असेल. प्रयागराजच्या महाकुंभात १९ जानेवारी २०२५ रोजी तंबूंना लागलेली आग सर्वांनी पाहिली. त्यामुळे नाशिकच्या अग्निशमन दलासाठी साहित्य येईल, घाईने येईल, आणि ते यावेच. पण मेळा उठल्यावर तेच साहित्य शिंगाडा तलावाच्या मुख्यालयापासून सातपूर, सिडको, पंचवटी, नाशिकरोडच्या केंद्रांपर्यंत पुढची दहा वर्षे चालू स्थितीत राहिले पाहिजे, या अटीवर ते घेतले जावे. केंद्र शासनाची अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणाची पाच हजार कोटींची योजना २०२३ मध्ये आली, तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांनी पंचवीस टक्के वाटा घालायचा असे ठरले. राज्याच्या वाट्याच्या निधीतून नाशिकला नेमके काय मिळणार आहे, हे नाव आणि संख्येसह आपल्या विभागाने जाहीर करावे, एवढी अपेक्षा गैर नसावी.

आपल्या विभागाच्या अखत्यारीत असलेल्या दोन गोष्टी मी आग्रहाने मागतो. पहिली : प्रत्येक महापालिकेने दर तिमाहीला प्रत्येक अग्निशमन केंद्रनिहाय एक पान प्रसिद्ध करावे. पाळीवर असणारे जवान किती, चालू स्थितीतले बीए सेट किती, चाचणीची मुदत शिल्लक असलेले सिलिंडर किती, कंप्रेसर चालू की बंद, आणि मंजूर पदांपैकी भरलेली किती. वाहनांची संख्या सर्वत्र छापली जाते. ती गाडी चालवायला आणि तिच्यातून उतरून आत जायला माणसे व हवा आहे की नाही, हे कुठेच छापले जात नाही. दुसरी : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म ‘बी’ सादर करायचा असतो. हा फॉर्म आज बहुतेक ठिकाणी केवळ फीचा आणि शिक्क्याचा व्यवहार झाला आहे. सादर झालेल्या फॉर्मपैकी ठरावीक हिस्सा चिठ्ठ्या टाकून निवडावा, न कळवता त्या इमारतीत जावे, सर्वांत वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडावा आणि पाणी येते का ते पाहावे. आले नाही तर खोटे लिहून देणाऱ्या एजन्सीचा परवाना जावा आणि संस्थेला दंड व्हावा. आमच्या संस्थेवर त्या वर्षी अशी पाळी आली असती तर मला वाईट वाटले असते. पण पंप ‘ऑटो’वर असता.

ही पाहणी करणार कोण, असा प्रश्न आपल्या अधिकाऱ्यांकडून येईल, आणि तो खरा आहे. ज्या माणसाने वर्दीवर जायचे, त्यालाच ना हरकत दाखले, तपासण्या, मंडप परवानग्या आणि झाडावर अडकलेल्या पक्ष्यांपर्यंत सगळे करायला लावले की एकही काम धड होत नाही. तपासणीचा कक्ष वेगळा असावा आणि तो अग्निशमन सेवा शुल्कातून चालावा. इमारती उंच होत गेल्या तसे ते शुल्कही वाढलेच असणार.

आमच्या इमारतीत आता गळका व्हॉल्व्ह बदललेला आहे, पंपघराची एक किल्ली काचेच्या पेटीत सुरक्षारक्षकाच्या खोलीत आहे, आणि नॉझल पुन्हा बसवून त्यांना क्रमांक कोरले आहेत. नव्या समितीने ठराव केला आहे की नाशिकच्या अग्निशमन दलाला सरावासाठी आमचा जिना, रायझर आणि गच्ची केव्हाही उपलब्ध असेल. पत्र्याच्या शेडचा ठराव मात्र अजून मंजूर झालेला नाही. चारचाकीवाले विरोधात आहेत. आपल्या विभागाकडून त्या मोकळ्या जागेविषयी एक नोटीस आली, तर आगामी सभेत माझे काम बरेच सोपे होईल.

आपला विश्वासू,
गृहनिर्माण संस्थेचा एक माजी सचिव,
गंगापूर रोड, नाशिक.