जिन्याखालचे टेबल

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

विद्यापीठातल्या मुलांच्या वर्गाबाहेरच्या शिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) द्यावेत की नाही, यावर आपल्या पत्रस्तंभात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. लिहिणारे बहुतेक प्राध्यापक आहेत, काही पालक आहेत. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ३१ वर्षे नोकरी केली, त्यातली १९ वर्षे संध्याकाळच्या पाळीत. वर्ग सुटल्यावर मुले जिथे येतात तिथे मी बसलेली असायचे. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे तळमजल्यावर, जिन्याखाली, बांधीव नियतकालिकांच्या रॅकांमागे एक लांब टेबल होते. त्याला आठ खुर्च्या. शांतता पाळण्याचा नियम तिथेही लागू होता, पण मध्ये रॅक असल्यामुळे आवाज वाचनकक्षापर्यंत पोचत नसे, आणि हळू बोलणाऱ्यांना सहसा कोणी हटकत नसे. मी मात्र सुरुवातीला हटकायचे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी पाच मुले तिथे एका गणितावरून हुज्जत घालत होती. मी त्यांची ओळखपत्रे घेतली, नावे नोंदवहीत लिहिली आणि पाचही जणांना पाच वेगळ्या टेबलांवर नेऊन बसवले. त्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून दिसेनासा झाला. महिन्याभराने पुस्तक परत करायला काउंटरवर आला तेव्हा मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मॅडम, वर्गात मी फक्त उतरवून घेतो. कळते ते हे चौघे भांडतात तेव्हा. एकटेच बसायचे तर मी खोलीवरही बसतो." त्या सत्रात तो नापास झाला. मी केलेल्या त्या नोंदीमुळेच झाला असे नाही, पण त्याची बसायची जागा मी मोडली होती, हे मला आजही टोचते. त्यानंतर त्या टेबलावरच्या कोणाचेही नाव मी लिहून घेतले नाही.

उलट मी ऐकू लागले. देवघेव संपली की परत आलेली नियतकालिके जागी लावायला खाली जायचे आणि जरा जास्तच वेळ रेंगाळायचे.

एकदा वनस्पतिशास्त्राची एक मुलगी आपल्या प्रकल्पाचे तक्ते पसरून बसली होती. सावलीतल्या पानांत आणि उन्हातल्या पानांत पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, कमी-जास्त असतात का, असा तिचा विषय. सावलीतल्या एका झाडाची तीन पाने, उन्हातल्या एका झाडाची तीन पाने, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पानाचे पन्नास ठिकाणी मोजमाप. म्हणजे दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे निरीक्षणे. शेजारी संख्याशास्त्राचा एक मुलगा बसला होता, त्याची तिची ओळखही नव्हती. तो म्हणाला, "तुझी निरीक्षणे दीडशे नाहीत. एकच आहे. एक झाड इकडे, एक झाड तिकडे. हा फरक उन्हाचा की त्या दोन झाडांचा, हे तू कशावरून सांगणार?" ती रागाने कागद गोळा करून निघून गेली. चार दिवसांनी परत आली ती बारा झाडे सावलीतली आणि बारा उन्हातली, अशी यादी घेऊन. तोवर त्या मुलाने पुस्तकाच्या मागे दिलेल्या आकड्यांखेरीज कशालाच हात लावलेला नव्हता. आता तिने त्याला फैलावर घेतले: पान कोवळे की जून, पानाची वरची बाजू की खालची, फांदी कोणती, हे ठरवल्याशिवाय नमुना घेता येत नाही, आणि बहुतेक झाडांत खालच्या बाजूलाच रंध्रे जास्त असतात, हे तुझ्या सूत्रात कुठे बसते? महिनाभर दोघे तिथे येत होती. नमुना कसा घ्यायचा हा धडा त्याच्याही अभ्यासक्रमात होता, तिच्याही होता. दोघांनी तो वर्गात ऐकलेला होता, आणि दोघांनाही तो कळला तो त्या टेबलावर.

दुसरी जोडी विधी शाखेची. एक मुलगा दृष्टिहीन होता आणि त्याचा वर्गमित्र त्याला कलमे मोठ्याने वाचून दाखवायचा. हे उपकार समजून सुरू झालेले काम होते, असे त्या वाचणाऱ्यानेच मला पुढे सांगितले. पण ऐकणारा त्याला सारखा अडवायचा. "थांब, हे परंतुक पहिल्या पोटकलमाचे की दोन्हींचे?" "'आणि' वाचलेस की 'किंवा'?" परंतुक म्हणजे कलमाला 'परंतु' म्हणून जोडलेली अट. डोळ्यांनी वाचणारा माणूस असे शब्द सहज ओलांडून जातो. कायद्यात तर सगळे त्या 'किंवा'वर अडलेले असते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वाचणारा मुलगा मला म्हणाला, "वाचायला मला त्याने शिकवले."

हे सगळे योगायोग आहेत, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटायचे. मग ग्रंथालयातच एक लेख हाती लागला. युरी ट्राइसमन हे गणिताचे अध्यापक १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधन करत होते. तिथे पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. का, असे विचारल्यावर प्राध्यापकांची उत्तरे तयार होती: आस्था कमी, पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, घरची गरिबी. ट्राइसमन यांनी दोन्हीकडचे वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि वर्ग सुटल्यावर ते अभ्यास कसा करतात, हे त्यांच्याबरोबर राहून पाहिले. एकही उत्तर खरे निघाले नाही. मागे पडणारी मुले कष्टाळू होती. वर्गाच्या एका तासामागे घरी दोन तास, या सांगितलेल्या हिशेबाने ती आठवड्याला आठ तास अभ्यास करत होती. फक्त एकटी करत होती. अभ्यास एकीकडे आणि मित्र दुसरीकडे, असे त्यांच्या दिवसाचे दोन तुकडे होते. चिनी वंशाची मुले आधी एकटी बसायची आणि मग संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासायची, जुन्या प्रश्नपत्रिका एकमेकांना घालायची. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते अवघडच आहे हे सगळ्यांना कळायचे. एकट्या बसलेल्या मुलाला मात्र वाटायचे की हे फक्त आपल्यालाच येत नाही.

ट्राइसमन यांनी पुढे काय केले, ते मला त्याहून महत्त्वाचे वाटते. त्यांनी मागे पडणाऱ्यांसाठी सोपा शिकवणी वर्ग काढला नाही. मुलांना गटात बसवले आणि नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे दिली, एकट्याने सुटू नयेत अशी. ती मुले वर चढली. १९९२ मध्ये या कामावरचा त्यांचा लेख गणित शिकवणाऱ्यांच्या नियतकालिकात आला. मी त्याची छायाप्रत काढून आमच्या गणित विभागातल्या दोन शिक्षकांना दिली होती. एकांनी वाचली, आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतः खाली येऊन ते टेबल पाहून गेले.

आता श्रेयांकांबद्दल.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सहा मुलांचा एक वाचनगट दर गुरुवारी जमत असे. एक जाड पुस्तक, बारा प्रकरणे, प्रत्येकाने आलटून पालटून एक प्रकरण मांडायचे आणि बाकीच्यांनी त्याला फाडून काढायचे. दोन सत्रे हे आपोआप चालले. मग विभागाला कळले आणि चांगल्या हेतूने त्याचा 'उपक्रम' झाला. पंधरा तास भरले की एक श्रेयांक. प्रत्येक बैठकीचे तारखेसह छायाचित्र, हजेरीपत्रक, आणि 'मी काय शिकलो' यावर शंभर शब्द. गटात सहाचे बावीस झाले. हजेरीपत्रकावर सही माझी असायची. मी पाहत होते की येणारे घड्याळ बघत होते आणि चुकीचे बोलायला कोणी तयार नव्हते, कारण समोर नोंद होत होती. पंधरा तास भरले तेव्हा पुस्तक सातव्या प्रकरणावर होते. पुढच्या गुरुवारी टेबल रिकामे. मूळच्या सहातली एक मुलगी तेवढी आली, थोडा वेळ बसली आणि निघून गेली. उरलेली पाच प्रकरणे त्या गटाने कधीच वाचली नाहीत.

मला नोंद करण्याचेच वावडे आहे, असे कृपया समजू नये. कामातून होणाऱ्या शिक्षणाला अभ्यासक्रमात जागा देता येते आणि ते फार पूर्वी करून दाखवलेले आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. पण तिथे कारखान्यातले काम खरे होते, ते बिघडले तर कोणाचे तरी नुकसान होत होते, आणि मुलगा परत आल्यावर वर्गात त्याचा उपयोग होत होता. खरे काम असेल तिथे खुशाल श्रेयांक द्या. आपसातल्या बोलण्याला देऊ नका. त्या बोलण्याचे तास मोजू लागलो की मुले तास भरायला येतात.

आणि शिकणे कुठे घडले, हे आधी कोणाला दिसते? जोसेलिन बेल केंब्रिजमध्ये संशोधन करणारी विद्यार्थिनी होती, तिला आपल्या अर्थाने वर्ग नव्हता, तरी तिचे उदाहरण मला सारखे आठवते. तिची पहिली दोन वर्षे रेडिओ दुर्बीण उभारण्यात गेली. शेतासारख्या उघड्या जागेत हजाराहून अधिक खांब, त्यांवर कित्येक मैल तार, आणि ते खांब घण घालून ठोकणारे हात तिचे आणि तिच्या सोबत्यांचे. मग दुर्बीण सुरू झाल्यावर रोज जवळजवळ शंभर फूट कागद तपासायचा. १९६७ मध्ये त्या कागदावर तिला पाव इंचाची एक खरखर दिसली. ती नेहमीच्या रेडिओ स्रोताची वाटत नव्हती आणि माणसाने केलेल्या गोंगाटाचीही वाटत नव्हती. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारा तारा. त्या शोधाच्या नोबेल पारितोषिकात, १९७४ मध्ये, तिचे नाव नव्हते, ही गोष्ट अनेकांना माहीत आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. आपल्या यंत्राची तार न् तार ओळखणारीलाच ती पाव इंच परकी वाटू शकते. घण घालण्याच्या त्या दोन वर्षांत ती काय शिकली, हे त्या वेळी शंभर शब्दांत तिलाही लिहिता आले नसते.

या चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख मला कुठल्याच पत्रात दिसला नाही. वर्गाबाहेर शिकायला वेळ लागतो आणि तो सगळ्यांकडे सारखा नसतो. वसतिगृहातली मुले रात्री नऊलाही टेबलाशी असायची. लांबून ये-जा करणारी साडेपाचला पाठीवर पिशवी टाकून पळायची. शिकता शिकता नोकरी करणारी तर वर्गातून थेट कामावर. त्यांतल्या एकीने मला विचारले होते, "मॅडम, खाली टेबलावर रोज काय चालते?" तीन वर्षे ती त्याच इमारतीत शिकत होती. मोबाइलवरच्या गटांनी ही उणीव भरून निघाली, असे सांगतात. मी ते गट पाहिले आहेत. तिथे सोडवलेल्या उत्तराचे छायाचित्र येते. तू कुठे अडलास, हे कोणी विचारत नाही.

म्हणून विद्यापीठांच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन दिवस, भर दुपारी, दोन तास सगळ्या विभागांना एकाच वेळी मोकळे ठेवावेत, अशी माझी विनंती आहे. एकाच वेळी हे महत्त्वाचे, नाहीतर संख्याशास्त्राचा मुलगा वनस्पतिशास्त्राच्या मुलीला भेटणार कसा? त्या वेळात व्याख्यान, सक्तीचा कार्यक्रम, हजेरी, काहीही नको. आणि प्रत्येक ग्रंथालयात बोलायची मुभा असलेली एक खोली हवी, तिथे एक फळा हवा, आणि ती रात्रीपर्यंत उघडी ठेवायला एक माणूस हवा. त्या माणसाने सह्या घेऊ नयेत. कोणते पुस्तक कुठल्या रॅकला आहे, एवढे त्याला ठाऊक असले म्हणजे झाले.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी आमच्या तळमजल्याचे नूतनीकरण झाले. जिन्याखाली आता एकेकट्याने बसायचे, तिन्ही बाजूंनी काचा लावलेले कप्पे आहेत. ते रोज भरलेले असतात, हे मी पाहून आले आहे, आणि ज्यांना एकांत हवा त्यांना तो मिळायलाच हवा. लांब टेबल भांडारात ठेवले आहे. त्याच्या डाव्या पायाला आमचा जुना नोंदणी क्रमांक अजून आहे. चारही पाय भक्कम आहेत. दारातून काढताना ते आडवे करावे लागते, आणि दोन माणसे पुरतात.

आपली,
एक निवृत्त सहायक ग्रंथपाल
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)