हॉर्नेट शिकवणाऱ्या दादांनो

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री दहानंतरच कॉम्प्युटर लावता येतो. डीसीएस या विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेममधलं हॉर्नेट, म्हणजे एफ/ए-१८सी हे लढाऊ विमान, शिकायला घेतलं तेव्हा तीन रात्री विमान जागचं हललं नाही. आधी बॅटरी, मग एपीयू (मुख्य इंजिनं सुरू करून देणारं छोटं इंजिन), मग उजवं इंजिन, आणि फेरे वाढेपर्यंत थ्रॉटलला हात नको: हेडफोनमधून तुम्ही हे न कंटाळता सांगत राहिलात. "उतरताना नुसता वेग नको पाहू भाऊ, समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा ८.१ अंशांचा कोन धर," हे तर कितीदा! काल चाकं पहिल्यांदा धावपट्टीला नीट टेकली. माझ्या ओरडण्यानं आई जागी झाली. तुमची खरी नावं मला ठाऊक नाहीत, आवाज मात्र ओळखतो. दादांनो, मनापासून आभार.