स्टेरॉइड कोणाला दिले, तेही विचारा

महोदय,

परवाच्या अंकात एका वाचकाने ओळखीतल्या कोविड रुग्णांचा हिशेब मांडला आहे. ज्यांना स्टेरॉइड दिले त्यांतले बरेच दगावले, ज्यांना दिले नाही ते सुखरूप घरी आले. सबब स्टेरॉइडनेच माणसे मारली. त्यांच्या घरातले माणूस गेले आहे, त्या दुःखाविषयी मी बोलणार नाही. हिशेबाविषयी मात्र बोलायला हवे.

माझी नोकरी अतिदक्षता विभागात गेली. सिस्टरच्या टेबलासमोरची खाट आमच्याकडे नातेवाइकांत बदनाम होती. "तिथं ठेवलेला पेशंट वाचत नाही सिस्टर, आईला दुसरीकडं हलवा," असे लोक हात जोडून सांगायचे. रजिस्टर काढले असते तर त्यांचे म्हणणे खरेच निघाले असते! सगळ्यांत अत्यवस्थ पेशंट नजरेसमोर हवा म्हणून आम्हीच त्याला त्या खाटेवर घ्यायचो, हे काही रजिस्टरमध्ये लिहिलेले नसे.

कोविडमध्ये स्टेरॉइडही बहुधा ऑक्सिजन उतरलेल्यालाच मिळायचे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०२० साली ब्रिटनमध्ये केलेल्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कोणाला द्यायचे हे डॉक्टरांवर सोडलेच नाही. संगणकाने सोडत काढली. २,१०४ जणांना रोज ६ मिलिग्रॅम, ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्यांत औषधाविना २८ दिवसांत शंभरातले ४१ गेले, औषध घेऊन २९. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६चे २३ झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. औषध न घेता त्यांतले १४ गेले. आता पत्रलेखकांच्या रीतीने हिशेब करा. औषध घेतलेले व्हेंटिलेटरवरचे (२९) आणि न घेतलेले बिनऑक्सिजनचे (१४) शेजारी मांडा. शंभरामागे बारा जीव वाचवणारे औषध दुप्पट माणसे मारणारे ठरते.

दुसऱ्या लाटेत साध्या तापालाही घरबसल्या स्टेरॉइड दिली गेली, म्युकरमायकोसिसचे हाल आपण पाहिले. तो राग रास्तच आहे.

आजार किती गंभीर होता ते धरून आकडे दुरुस्त करता येतात, असे जाणकार म्हणतात. येतात, पण केसपेपरवर जेवढे उतरले तेवढेच. दोन पेशंटचा ऑक्सिजन ९२ लिहिलेला असतो. एक सुनेला डब्याबद्दल बोलत असतो. दुसरा हात टेकून पुढे वाकून बसलेला, एक वाक्य पुरे करताना तीनदा थांबतो. इंजेक्शन कोणाला सुरू होणार हे राउंडआधीच आम्हाला कळायचे. कागदावर दोघेही ९२च.

मात्र "पेशंटच जास्त आजारी होते" ही ढाल औषधवाल्यांनाही आयती मिळते. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर दम्याने तरुण माणसे जास्त मरू लागली. १९८९ मध्ये वेलिंग्टनच्या संशोधकांनी फेनोटेरॉल या इनहेलरकडे बोट दाखवले, तेव्हा ते गंभीर रुग्णांनाच दिले जाते म्हणून मृत्यू जास्त दिसतात, असा आक्षेप आलाच. संशोधकांनी फक्त गंभीर रुग्णांचीच आपापसांत तुलना केली होती. आक्षेप खरा असता तर फरक मिटायला हवा होता, पण तो आणखी वाढला. पुढे औषधावर निर्बंध आले आणि मृत्यू झपाट्याने घटले.

तेव्हा संपादक महाशय, 'अमुक औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त' अशी बातमी छापताना ते औषध सोडतीने दिले होते की डॉक्टरांनी पेशंट पाहून, एवढे एक वाक्य बातमीदाराकडून मागून घ्यावे. तेही मथळ्याखालीच यावे. शेवटच्या परिच्छेदापर्यंत आमच्या घरातसुद्धा कोणी वाचत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज