वीस माणसांच्या आतला कायदा

रत्नागिरी,
जानेवारी 2026

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

पुण्याची नोकरी सोडून कुडाळला घरच्या जागेत काजू कारखाना काढायचं तुझं नक्की झालं, हे वाचून मला किती आनंद झाला ते काय सांगू! शेड, भट्टी, बँकेचं कर्ज, बी कुठून घ्यायची, सगळं तू सविस्तर लिहिलंस. पण मध्येच एक ओळ आली आणि मी तिथेच थांबले. सल्लागार म्हणाले, बायका एकोणीसच ठेवा, विसावी घेऊ नका. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. लांबेल, सवडीने वाच.

सल्लागारांनी खोटं काही सांगितलेलं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. नव्या हिशेबात वीज वापरणारा कारखाना 'कारखाना' ठरतो तो 20 कामगारांपासून. 1948 च्या मूळ कायद्यात हा आकडा 10 होता. भविष्य निर्वाह निधी 20 पासून, बोनसही 20 पासून. त्यात आपल्या राज्य सरकारने दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा बदलायला घेतला. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, मग अध्यादेश निघाला, आणि तिथेही 10 चे 20 झाले. त्याखालच्या मालकाने फक्त आपण धंदा करतो एवढं कळवायचं. म्हणजे बहुतेक वाटा विसावर येऊन मिळतात. एकोणिसावर थांबलं की बरंच काही टळतं, हे खरं आहे.

आता आपला मुलूख डोळ्यांसमोर आण. तारकर्लीची न्याहारी-निवासं, मालवणातल्या खानावळी, देवगडातलं आंब्याचं कॅनिंग, चिरेखाणी, लाकडाच्या वखारी, गावोगावचे काजू कारखाने. वीस माणसं एका छपराखाली कामाला आहेत, अशी किती ठिकाणं तुला आठवतात? आणि कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा तर 100 वरून 300 वर गेली आहे. लोटे-परशुराम किंवा महाडसारख्या वसाहती वगळल्या, तर 300 माणसं एका फाटकातून आत जातात हे दृश्य कोकणात दिसायचं नाही. मोठ्या शहरांत आकडा वाढला की काही लोक कायद्याबाहेर जातात. आपल्याकडे जवळजवळ सगळेच जातात. हा फरक दिल्ली-मुंबईत बसून कायदा करणाऱ्यांना कुणीतरी ओरडून सांगायला हवा, आणि ते होत नाही याचा मला मनापासून राग येतो.

सरकारी जाहिरातीत 'प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र' असं वाचलं असशील. चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या संहितेत ते कलम आहे, त्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 'आस्थापना' या शब्दाची व्याख्याच 10 कामगारांपासून सुरू होते. आठ बायकांच्या काजू शेडमधल्या बाईला ते पत्र मिळण्याची सक्ती नाही.

गेल्या पावसाळ्यात तुझ्याच तालुक्याकडची एक बाई नातेवाइकाच्या ओळखीने माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. आठेक वर्षं काजू फोडायचं काम केलेलं. बोटांची कातडी चिकाने जळून काळी पडलेली. मजुरी किलोमागे. बी ओली आली, गराचे तुकडे जास्त पडले की दिवसाची कमाई निम्म्यावर यायची. सीझन संपता संपता तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, आणि शेवटच्या महिन्याचे पैसे राहिले. मी हजेरीचं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे कागद खंय आसा?" त्या मालकाकडेही बारा-तेरा बायकाच होत्या.

तिच्यामुळे मी वेतन संहिता पुन्हा नीट वाचून काढली, आणि तिथे मला हायसं वाटलं. किमान वेतन आणि वेळेवर वेतन या दोन गोष्टींना त्या संहितेत माणसांचा आकडाच नाही. एक कामगार असला तरी लागू. किलोमागे मजुरी देत असलीस, पण सरकारने त्या कामाचा दर दिवसावर ठरवला असेल, तर दिवसाच्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. कामावरून काढलं किंवा तिने स्वतः सोडलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. मागणी अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहाच महिने होती. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम 59: पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले अशी तक्रार आली, तर दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. कागद नाही म्हणून हक्क नाही, हे कोकणाने खोतीत, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या अमलाखाली, पिढ्यान्‌पिढ्या भोगलं. आंबडव्याचं मूळ असलेल्या बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 साल उजाडलं. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांबरोबर 1933 ते 1939 जमिनी ओसाड ठेवून संप केला. इतकं सोसलेल्या मुलखात पुरावा मालकाने द्यायचा हे कलम घरोघरी माहीत असायला हवं.

आणखी एक गोष्ट तुझ्या सल्लागारांच्या टिपणात मला दिसली नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा 1971 चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. औद्योगिक संबंध संहितेने तीन केंद्रीय कायदे रद्द केले, त्यांत हा नाही. युनियनच्या मान्यतेसाठी त्यात 50 कामगार लागतात, पण अनुचित प्रथेच्या तक्रारीला संख्या लागत नाही. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही त्यातली एक अनुचित प्रथाच आहे. तक्रार 90 दिवसांत करावी लागते, एवढं मात्र लक्षात ठेव. कोर्टांचा कलही हल्ली पाहण्यासारखा आहे. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जग्गो खटल्यात केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगारांना आणि माळ्याला नियमित करायला लावलं. ते सरकारी नोकरीतलं प्रकरण, पण 'तात्पुरते' म्हणून अर्धं आयुष्य राबवून घेण्यावर त्या निकालात जे लिहिलं आहे ते वाचच.

न्याय थोडा जवळही आला आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे त्यात आहेत. आंबा घाट चढून गेलं की काम होतं. पूर्वी उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करायची तर मुंबईला जायचं, राहायचं, तारीख पडली की परत यायचं. गरीब पक्षकार तिथेच हात टेकायचा. कोल्हापूरच्या वकिलांनी त्यासाठी कित्येक दशकं आंदोलन केलं, त्यांचे उपकार आपण मानले पाहिजेत. रायगडवाले मात्र अजून मुंबईलाच जातात.

राजकारणाबद्दल तू विचारलंस. डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. रस्ते, पाणी, निधी, कोण कुठल्या गटात गेला, यावर महिनाभर कर्णे वाजले. किमान वेतनावर एक वाक्य माझ्या कानावर पडलं नाही. उद्योगमंत्री उदय सामंत आमच्या रत्नागिरीचे, बंदरे आणि मत्स्यव्यवसाय तुमच्याकडच्या नितेश राण्यांकडे. दोन्ही जिल्ह्यांना मंत्रिपदं आहेत. स्थानिकांना रोजगार ही घोषणा प्रत्येक पक्ष देतो. त्या रोजगारात दिवसाला किती रुपये, किती तास आणि कुठला कागद, हे विचारणारा कुणी पुढे येत नाही. बारसूच्या रिफायनरीवर दोन्ही बाजूंनी माणसं रस्त्यावर उतरली. काजू शेडमधल्या मजुरीसाठी आपल्याकडे मोर्चा निघालेला मला आठवत नाही. बायका विखुरलेल्या, दर वाडीत थोड्या थोड्या, म्हणून त्यांचं मत कुणी मोजत नाही, असं मला वाटतं.

तासांचंही सांगते. त्याच सप्टेंबरच्या निर्णयात कारखान्यांत रोजचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला आणि तिमाहीचा ओव्हरटाइम 115 वरून 144 तासांवर नेण्याला मंत्रिमंडळाने हिरवा कंदील दाखवला. आठवड्याचे 48 तास तसेच आहेत, ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि कामगाराच्या लेखी संमतीने. कागदावर ठीक दिसतं. पण तुझ्याकडे येणारी बाई शेवटच्या एसटीने जाणार, पुढे पाणंदीने चालत वाडी गाठणार, मग चूल. तिची लेखी संमती तू तिच्यासमोर कागद धरून घेशील, तेव्हा ती नाही म्हणू शकेल का? माझं मत स्पष्ट आहे: तुझ्या शेडमध्ये आठ तासांवर एक मिनिट नको.

आता पैशांचं. पीएफचा मालकाचा वाटा 12 टक्के, ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, सव्वातीन. शंभर रुपये मजुरीवर सव्वापंधरा. बोनस किमान 8.33 टक्के, पण नव्या उद्योगाला पहिली पाच वर्षं तो नफा झालेल्या वर्षीच द्यावा लागतो. तो धरला तरी ढोबळमानाने शंभरामागे साडेतेवीस. हे गराच्या भावात आधीच धर. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, तू ग्रेडिंग नीट करणार आहेस, भाव मिळेल. ईएसआयसी दहापासून सक्तीची आहे, म्हणजे ती तुला एकोणिसातही टळत नाहीच. पीएफला वीस पूर्ण व्हायची वाट न पाहता बहुसंख्य कामगारांच्या संमतीने स्वेच्छेने नाव नोंदवता येतं. मुदतीच्या करारावर कुणाला घेतलंस तर एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. आणि मजुरी कमी दाखवून भत्ते फुगवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस; भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच धरला जातो.

तुला तेवीस बायका लागणार आहेत, हे तुझ्याच आकड्यांवरून दिसतं. दिवसाला जेवढी बी फोडायची म्हणतेस, ती एकोणीस जणींकडून काढायची तर चौघींचं काम त्यांच्यावर पडणार. तेवीस घे. पहिल्या दिवशी प्रत्येकीला मराठीतलं नियुक्तिपत्र दे, दर महिन्याला पगाराची चिठ्ठी दे, सात तारखेच्या आत बँकेत पैसे टाक. मसुदा मी करून देते, फी घेणार नाही. महिला-पुरुष मिळून दहा किंवा जास्त कामगार झाले की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही लागते; बाहेरची सदस्य म्हणून कुणाला घ्यायचं ते आपण बोलू.

शेडचा नकाशा पाठवलास त्यात भट्टीच्या खोलीला एकच दरवाजा दिसतो. दुसरा बाहेरच्या बाजूला काढता येईल का, ते गवंड्याला विचारून लगेच कळव. भिंत चढायच्या आत झालं तर खर्च कमी येईल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वैशाली